आपोआप बंद होणारं दार

लग्नाच्या दिवशी सकाळी, नवरदेव नाहीसा व्हायच्या आधी, धम्मदीप भलताच खुशीत होता आणि त्या खुशीचं कारण एक दार होतं.

धम्मदीप सोलापुरातल्या नीलम्मा मंगल कार्यालयाचा मॅनेजर. इमारत तीन मजली. तळाला चादरी-टॉवेलची दुकानं, पहिल्या मजल्यावर जेवणाचा हॉल, दुसऱ्यावर लग्नाचा. लग्नाच्या हॉलच्या कडेने एक पॅसेज जातो. त्या पॅसेजात वरपक्षाची खोली आणि शेवटच्या टोकाला हे दार. जाड, लोखंडी, राखाडी रंगाचं. आग लागलीच तर धूर आणि ज्वाळा दोन तास अडवून धरणारं, म्हणजे तेवढ्या वेळात लोकांनी मागच्या जिन्याने, मधे कुठेही न उघडणाऱ्या, थेट खाली बोळात उतरून जीव वाचवायचा. आतून त्याला एक आडवा दांडा होता. दांडा ढकलला की दार उघडावं, आणि सोडलं की आपोआप बंद व्हावं, अशी त्याची रचना. पण कार्यालयाचं उद्घाटन झाल्यापासून कुणी ते बंद झालेलं पाहिलंच नव्हतं. शहाबादी फरशीचा एक तुकडा त्याच्या खाली सरकवून ते कायम सताड उघडं ठेवलेलं असे. फुलवाले तिथूनच हार आणत, मंडपवाले तिथूनच खुर्च्या नेत, आणि कोण कोण काय काय नेई याचा पत्ता कुणालाच नसे. मागच्या हंगामात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक इसम त्या जिन्याने वर आला, पंगतीत जाऊन पोटभर जेवला, आचाऱ्याला शाबासकी दिली आणि नवरीच्या मावशीची शालूंची बॅग घेऊन आला तसा गेला.

तेव्हापासून मालक गुरुसिद्धप्पांच्या डोक्यात ते दार सलत होतं. त्यात अग्निशमन दलाकडून निरोप आला, की या आठवड्यात कधीही तपासणी होईल, आणि त्या दाराला काही टेकण लावलेलं दिसलं तर खैर नाही.

"ए तम्मा," गुरुसिद्धप्पा धम्मदीपला म्हणाले, कानडीत धाकट्या भावाला म्हणावं तसं, "दार उघडं ठेवलं तर चोर येतो. कुलूप लावलं तर फायरवाले येतात. दाराने करावं तरी काय, सांग की."

धम्मदीपने यावर खरोखर डोकं लावलं. बसू नावाच्या मेकॅनिकला बोलावून त्याने बिजागऱ्या बदलल्या, दार ओढून घेणारा वरचा क्लोजर नवा बसवला, फटींना धूर अडवणाऱ्या पट्ट्या लावल्या. आणि मुख्य म्हणजे जिन्याच्या बाजूचं हँडल काढून टाकलं. आता हॉलमधून कुणीही दांडा ढकलून जिन्यात जाऊ शकत होतं, पण जिन्यातून हॉलमध्ये कुणी येऊ शकत नव्हतं. कायदाही राहिला आणि चोरही राहिला बाहेर. फरशीचा तुकडा काढून त्याने पहिल्यांदा दार सोडलं, तेव्हा ते सावकाश, अदबीने आलं आणि 'खट्' करून चौकटीत बसलं. धम्मदीपला तो आवाज इतका आवडला, की त्याने बायकोला, संघप्रियाला, फोन करून तो ऐकवला. ती हॉस्पिटलात नर्स. ड्युटीवर असताना दाराचे आवाज ऐकवायला फोन करत जाऊ नका, एवढंच ती म्हणाली.

इथवर त्याच्या कामात नावं ठेवायला जागा नव्हती. घोळ झाला तो खालच्या दाराचा. जिना जिथे मागच्या बोळात निघतो, तिथलं दार मोडलेलं होतं. त्याची कडी बसत नव्हती, आणि नवा भाग पुण्याहून यायचा होता. त्या फटीतून कुणीतरी आत शिरून पायऱ्यांवर पत्ते कुटत बसलेलं गुरुसिद्धप्पांनी पाहिलं आणि ते साखळी-कुलूप घेऊनच आले. धम्मदीपने सांगून पाहिलं, की अण्णा, सुटकेच्या वाटेला कुलूप चालत नाही, नियम आहे. "नियम उद्यापासून," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "आज लग्न आहे." मग धम्मदीपने स्वतःच्या हाताने खालच्या दाराला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. मनात जरा खुपलं. पण वर येऊन त्याने नवं दार आणखी एकदा बंद होताना पाहिलं आणि त्याला बरं वाटलं.

लग्न मोठं होतं. नवरदेव मल्हार सांगोल्याकडचा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरीला. त्याचे वडील भिमा यांची मेंढरं आणि डाळिंबाची बाग. नवरी प्रियंका मंगळवेढ्याकडची, आणि ती तलाठी होती. तिच्या सज्जातल्या गावांतली भलीभली माणसं तिच्यासमोर टोपी काढून उभी राहत, असं वऱ्हाडातच कुणीतरी कौतुकाने सांगत होतं. हॉल खच्चून भरला होता. अक्षतांची वेळ दुपारची, आणि ती जवळ येत चालली होती. धम्मदीप जेवणाच्या हॉलमध्ये जिलेबीचं ताट पारखत असताना नवरीचे वडील प्रभु त्याच्याजवळ आले. त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, की नवरदेवाला कुठे ठेवलंय.

धम्मदीप हसला. ठेवलंय कुठे म्हणजे, खोलीत असतील, नाहीतर बाथरूमला गेले असतील. प्रभु हसले नाहीत. खोलीत नव्हता आणि बाथरूमलाही नव्हता. त्यांनी स्वतः सगळी दारं वाजवून पाहिली होती आणि एका दारामागून शिव्याही खाल्ल्या होत्या.

धम्मदीपच्या हातातलं ताट तसंच राहिलं. आजवर या कार्यालयात चप्पल हरवली होती, बॅग हरवली होती, एकदा वरमाईची कवळी हरवून आमरसाच्या पातेल्यात सापडली होती. नवरदेव कधी हरवला नव्हता. दोघे घाईने वर गेले. वरपक्षाच्या खोलीत पिशव्या होत्या, अर्धा प्यालेला चहा होता, पंखा फिरत होता आणि माणूस एकही नव्हता. नवरदेवाचे वडील भिमा मुलाला शोधायला गेलेत, असं दारात भेटलेल्या एका बाईने सांगितलं. मग भिमांना शोधायला लागले तर तेही नव्हते. त्यांना शोधायला गेलेला मल्हारचा चुलता परत आला नव्हता. फोटोग्राफर नव्हता. भिमांची थोरली बहीण मायाक्का, जिच्या हुकमावर सगळं वऱ्हाड चालत होतं, ती पाण्याचा तांब्या घेऊन पॅसेजकडे जाताना दिसली होती आणि नंतर कुणालाच दिसली नव्हती. सगळ्यांचे फोन लावले. सगळे संपर्काबाहेर.

"भटजींना विचारू," धम्मदीप म्हणाला. स्टेजवर अंतरपाट घडी करून ठेवलेला होता, समया तेवत होत्या, अक्षतांची परात होती. भटजी नव्हते.

धम्मदीप मटकन खुर्चीवर बसला. नवरदेव पळतो, हे त्याने ऐकलं होतं. भटजी पळाल्याचं त्याने कधीच ऐकलं नव्हतं.

त्याने गेटवरचा कॅमेरा पाहिला. सकाळपासून गेटातून आत माणसांची रीघ, बाहेर एकही ओळखीचा चेहरा नाही. वॉचमन सिद्राम शपथेवर सांगत होता, की साहेब, फेटेवाला मानूस बाहेर गेला आसता तर माज्या नजरंतनं सुटला नसता. गच्ची पाहिली, लिफ्ट पाहिली, काळजावर दगड ठेवून पाण्याच्या टाकीचं झाकणही उघडून पाहिलं. शेवटी धम्मदीपने स्वतःला विचारलं: मागचा जिना? आणि स्वतःच उत्तर दिलं, की छे, खाली साखळी आहे, तिथून कुणी बाहेर जाऊच शकत नाही. किल्ली खिशात चाचपून त्याने खात्री करून घेतली आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

एव्हाना हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली होती. नवरीकडचे म्हणत होते, कुर्डुवाडीला त्याचं काहीतरी असणार. नवऱ्याकडच्या बायका म्हणत होत्या, आमच्या माणसांना नेऊन ठेवलंय कुठंतरी. प्रभुंचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. ते रागीट नव्हते, पण त्या घटकेला त्यांच्यासमोर सगळं गाव बसलेलं होतं आणि मुलगी आतल्या खोलीत गौरीहरापाशी.

"आसं करा," ते सिद्रामला म्हणाले, "गेटाला कुलूप घाला. अन् किल्ली माज्याकडं द्या. ऱ्हायल्यात त्येवडी तरी पळून जायला नगंत."

धम्मदीपने अडवायला तोंड उघडलं. प्रभुंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हाही त्यांच्यातलाच. तो मागे सरला. दोन्ही बाजूंच्या बायका आता एकमेकींच्या खुर्च्यांजवळ सरकत होत्या, आणि पाहुण्यांना भांडण ऐकू जाऊ नये म्हणून धम्मदीपने स्पीकरवाल्याला सनईचा आवाज मोठा करायला सांगितलं. स्पीकर पॅसेजच्या तोंडाशीच होते. आवाज इतका मोठा झाला, की समयांच्या ज्योतीसुद्धा थरथरल्या.

अशा वेळी गेटवर अग्निशमन दलाची जीप आली.

खिडकीतून खाकी गणवेश दिसताच प्रभुंना वाटलं, कुणीतरी पोलिसांना बोलावलं, बरं झालं. ते स्वतः खाली धावले, त्यांनी गेट उघडलं, आलेल्या अधिकारी बाईंना हात जोडून आत घेतलं आणि त्यांच्या मागे पुन्हा कुलूप लावलं. त्या अधिकारी होत्या कीर्ती मॅडम. शांत बोलणाऱ्या आणि तेवढ्यामुळेच भीती वाटावी अशा. कुलपाचा आवाज ऐकून त्या थांबल्या. त्यांनी मागे वळून गेटाकडे पाहिलं, मग वर माणसांनी गच्च भरलेल्या खिडक्यांकडे पाहिलं, मग घाम पुसत आलेल्या धम्मदीपकडे.

"आत एवढी माणसं आणि गेटला कुलूप?"

धम्मदीपने सांगितलं, की नवरदेव सापडत नाहीये. कीर्ती मॅडमनी आजवर कुलपाची अनेक कारणं ऐकली असतील, पण हे नवीन असावं. त्यांनी प्रभुंना गेट उघडायला सांगितलं. प्रभुंनी, जावई सापडल्याशिवाय नाही, असं अगदी नम्रपणे सांगितलं आणि ते वर निघून गेले.

"बरं," मॅडम म्हणाल्या, "गेटचं मी बघते. आधी मला मागचा जिना दाखवा. कारण आता या सगळ्या लोकांना बाहेर पडायला तोच एक रस्ता उरला आहे."

हे वाक्य ऐकताच धम्मदीपला खालची साखळी आठवली. पण त्याने स्वतःला सावरलं. खालपर्यंत त्या कशाला जातील, वरचं दार पाहतील, खूश होतील, आपण लगेच साखळी काढून टाकू. पॅसेजातून त्यांना नेताना तो सनईच्या वर आवाज चढवून दाराची माहिती देत होता. नव्या बिजागऱ्या, धूर अडवणारी पट्टी, टेकण अजिबात नाही, कितीही उघडा, आपोआप बंद. मॅडमनी मान डोलावली आणि दांडा ढकलला.

दार उघडलं. जिन्याच्या पायऱ्यांवर, वरपासून खालच्या वळणापर्यंत, वरपक्ष बसलेला होता.

सगळ्यात वर भटजी, उपरण्याने वारा घेत. त्यांच्या खाली चुलता आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर. मग भिंतीला डोकं टेकून बसलेली मायाक्का आणि तिच्या पायाशी भिमा. आणि वळणावर, फेटा मांडीवर घेऊन, घामाने निथळणारा नवरदेव. धम्मदीपने नकळत एक पाऊल आत टाकलं. मॅडम त्याच्या आधीच आत गेल्या होत्या. पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी एकदम हात वर केले आणि एका सुरात काहीतरी ओरडले. ते "दार धरा" असं होतं, हे धम्मदीपला 'खट्' असा आवाज आल्यावर कळलं.

सनई दाराआड कुठेतरी दूर गेली.

"तुमी बी आलाव व्हय," भिमा म्हणाले.

मग सगळं उलगडलं. मल्हार म्हणाला, खोलीत लई उकडत होतं, हवा खायला म्हणून दार ढकललं. मुलाच्या फेट्याचा शेमला दाराआड जाताना भिमांनी पाहिला आणि तो परत येईना म्हणून ते मागे गेले. भिमांच्या हाका ऐकून चुलता गेला. त्याने दार पायाने अडवलं होतं, पण मागून फोटोग्राफरचा धक्का बसला. नंतर आतून सगळे दार बडवायला लागले, ते मायाक्काने ऐकलं. तिने दार उघडलं, पण हातात तांब्या असल्याने धरलं नाही. आत आलेला प्रत्येक जण काय झालंय ते पाहायला एक पाऊल पुढे टाकी, आणि तेवढ्यात दार आपलं काम करी. शेवटी भटजी आले. खालून सगळे "दार धरा, दार धरा" म्हणून ओरडत होते. भटजींना ऐकू आलं "दार लावा". त्यांनी ते हाताने नीट ओढून लावून घेतलं. त्यानंतर सनई वाढली आणि त्यांचं बडवणं कुणालाच ऐकू गेलं नाही. खाली बोळाच्या बाजूलाही ओरडून पाहिलं होतं, पण बोळात समोरच यंत्रमागाचा कारखाना. त्या खडखडाटात माणसाच्या ओरडण्याला कोण विचारतो. आणि त्या जाड भिंतींत मोबाईलला रेंज यायचा प्रश्नच नव्हता.

कीर्ती मॅडम पायऱ्या उतरून खाली गेल्या. थोड्या वेळाने खालून त्यांचा आवाज आला. तो चढलेला नव्हता.

"ही साखळी कुणी लावली?"

"आमी बी त्येच इचारतोय मघापासनं," चुलता म्हणाला. "गावू द्या नुसता."

धम्मदीपचा हात खिशात होता. किल्ली त्याच्या मुठीत चांगलीच तापली होती. त्याला वाटलं, म्हणावं की किल्ली मालकांकडे आहे. म्हणावं की मालकांनीच लावायला लावली, आणि ते खोटंही नव्हतं. नोकरी राहील, चुलत्याचा हात चुकेल. वर कुणीतरी कधीतरी दार उघडेलच. तेवढ्यात मायाक्काने डोळे उघडले. तिचं लुगडं घामाने अंगाला चिकटलं होतं आणि ओठ सुकले होते. तिने रिकामा तांब्या उलटा करून पाहिला आणि कुणालाच दोष न देता बाजूला ठेवला.

धम्मदीपने किल्ली बाहेर काढली. "मी लावली, मॅडम," तो म्हणाला. "माझ्याच हाताने."

जिन्यातल्या सगळ्या नजरा त्याच्यावर खिळल्या. त्याने मार खाल्ला नाही त्याला दोन कारणं होती. एक तर जिना अरुंद होता, आणि दुसरं म्हणजे आधी त्याला कुलपापर्यंत पोचू देणं गरजेचं होतं. तो सगळ्यांच्या मधून, अंग चोरत, सॉरी सॉरी म्हणत खाली उतरला. साखळी सुटली. उजेड आणि मागांचा खडखडाट एकदम आत घुसला. मॅडमनी मायाक्काला हाताला धरून बाहेर आणलं, पाणी मागवलं आणि सुटलेली साखळी गोळा करून स्वतःच्या हातात घेतली.

एवढ्यावर संपतं तर ठीक होतं. पण अक्षतांची वेळ अगदी तोंडावर आली होती, आणि वरचं दार बाहेरून उघडत नव्हतं. तेव्हा आता इमारतीला वळसा घालून पुढच्या गेटाने आत जायचं. मल्हारने फेटा डोक्यावर घातला आणि तो धावत सुटला. त्याच्यामागे भिमा, त्यांच्यामागे धोतराचा सोगा वर धरून भटजी, त्यांच्यामागे इतका वेळ काहीच न मिळाल्याने आता धावत धावत शूटिंग करणारा फोटोग्राफर. वरच्या खिडकीत नवरीकडची माणसं उभीच होती. त्यांना दिसलं ते एवढंच, की मागच्या बोळातून नवरदेव, त्याचा बाप आणि भटजी जीव खाऊन पळताहेत.

हॉलमध्ये जो गलका झाला, त्याने सनईलाही मागे टाकलं. प्रभु जिना उतरून गेटाशी पोचले, तेव्हा गेटाच्या पलीकडे नवरदेव गज धरून उभा होता, दमाने फुललेला.

"मामा," तो म्हणाला, "गेट उगडा."

प्रभुंनी खिशातल्या किल्लीवर हात दाबून धरला. इतका वेळ त्यांनी या माणसाला बाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणून कुलूप राखलं होतं. आता तो बाहेर होता आणि कुलूप उघडावं की नाही, हे त्यांना कळेना. मागे जमलेल्या माणसांतले निम्मे म्हणत होते उघडा आणि निम्मे म्हणत होते नका उघडू, आता पोलीसच येऊ देत. धम्मदीप पलीकडून हात हलवून समजावून सांगायचा प्रयत्न करत होता, पण त्याच्या बोलण्यात दार, दांडा, क्लोजर आणि हँडल एवढेच शब्द कळत होते.

तेव्हा गर्दी बाजूला झाली. प्रियंका खाली आली होती, शालूत, कपाळाला मुंडावळ्या. तिने गजांपलीकडच्या मल्हारकडे वरून खाली पाहिलं. फेटा तिरका, शेरवानी ओली, एका पायात मोजडी नाही.

"दादा," ती वडिलांना म्हणाली, "पळून जाणारा मानूस आत यायला गेट वाजवत न्हाय. किल्ली द्या हिकडं."

प्रभुंनी किल्ली दिली. कुलूप तिनेच उघडलं.

अक्षता पडल्या. मुहूर्त थोडा टळला, पण भटजींनी मंगलाष्टकं अशी झपाट्याने म्हटली, की टळलेला वेळ भरून निघाला असं सगळ्यांनी मानून घेतलं. कीर्ती मॅडम स्टेजच्या कडेला हातात अक्षता घेऊन उभ्या होत्या. शेवटची अक्षता टाकून झाल्यावर त्या एव्हाना येऊन पोचलेल्या गुरुसिद्धप्पांकडे वळल्या, आणि खालचं दार दुरुस्त होऊन आपण स्वतः पाहून जाईपर्यंत या हॉलमध्ये दुसरं लग्न लागणार नाही, असं त्यांना सांगितलं. गुरुसिद्धप्पांनी चोरांचं गाऱ्हाणं सांगितलं, शालूंची बॅग सांगितली. मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"चोराची भीती असेल तर तिथे माणूस बसवा," त्या म्हणाल्या. "माणूस आग लागल्यावर बाजूला होतो. साखळी होत नाही."

तो माणूस अर्थातच धम्मदीप झाला. पंगती उठत होत्या तेव्हा तो मागच्या बोळात, मोडक्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होता. समोर माग खडखडत होते. मालक त्याच्याशी बोलायचे थांबले होते, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. उद्यापासून आपण इथे असू की नाही, याचा विचार करत असताना त्याला मागे पायऱ्यांवर पावलं ऐकू आली. त्याने वळून पाहिलं आणि तो खुर्चीवरून उठलाच. जिन्यातून नवरदेव उतरत होता. एकटा.

"घाबरू नका," मल्हार म्हणाला. तो शेवटच्या पायरीवर बसला. "दादा, तुमाला एक सांगायचंय. मगाशी मी हवा खायला न्हवतो आलो. मी निगालो हुतो."

"कुठे?"

"कुर्डुवाडीला. गाडी धरून."

धम्मदीपला दिवसभरात इतके धक्के बसले होते, की आता आणखी एक बसायला जागा नसेल असं त्याला वाटलं होतं. जागा होती. मल्हार खाली मान घालून सांगत गेला. सकाळी प्रियंकाचा फोन आला होता. वेळेवर स्टेजवर या, मला उशीर चालत नाही, एवढंच ती म्हणाली. वाईट काही नाही, पण आवाज सातबारा मागायला आलेल्या माणसाशी बोलावं तसा. जन्मभर हा आवाज, या विचाराने पाय आपोआप निघाले. खाली आला, तर साखळी. परत वर गेला, तर दाराला हँडल नाही. मागून वडील आले आणि त्यांना बघून तोंडातून निघून गेलं, की उकडत होतं.

"मंग अंदारात बसल्याव डोकं थंड झालं," तो म्हणाला. "वाटलं, ती वर बसली आसंल नटून. मानसं काय म्हनत आसतील तिला. आपून आसं कसं केलं. मंग लईच जीव लागला वर जायला. तुमी कुलूप काडल्याव बगितलं न्हवं, मी कुटं पळालो ते? ठेसनाकडं न्हाय पळालो."

ते धम्मदीपने पाहिलं होतं. मोजडी निसटली तरी थांबला नव्हता.

"तिला सांगू नका," मल्हार म्हणाला.

"आणि तिने विचारलं तर?"

मल्हारने विचार केला. "मंग मीच सांगंन. तिच्याम्होरं खोटं टिकायचं न्हाय."

तो उठला आणि परत वर जायला वळला. मग त्याच्या लक्षात आलं, की वरचं दार या बाजूने उघडत नाही. धम्मदीपने सिद्रामला हाक मारून खुर्चीवर बसवलं आणि तो नवरदेवाला घेऊन बोळातून वळसा घालत पुढच्या गेटाकडे निघाला. वाटेत दुकानदारांनी नवरदेवाला दुसऱ्यांदा तिथून जाताना पाहिलं आणि ते हातातलं काम सोडून बघत राहिले.

गेटात फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. मागच्या सीटवर प्रियंका बसली होती. तिने मल्हारला येताना पाहिलं, काही विचारलं नाही, फक्त सरकून जागा केली. मल्हार निमूट आत बसला. मायाक्काने गाडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि धम्मदीपकडे पाहून नुसती मान हलवली, राग गेल्यासारखी.

गाडी निघाल्यावर गुरुसिद्धप्पा हळूच जवळ आले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच बोलले.

"ए तम्मा, नवरदेव मागे तुझ्याकडे कशाला आला होता? शिव्या द्यायला?"

धम्मदीपच्या जिभेवर सगळं आलं होतं. साखळी नसती तर हे लग्न झालंच नसतं, एवढं एक वाक्य बोललं असतं, तरी त्याची नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली असती. आणि गुरुसिद्धप्पांनी उद्या सकाळी वरच्या दारालाही साखळी घातली असती.

"नाही अण्णा," तो म्हणाला. "जिना आवडला म्हणाला."

गुरुसिद्धप्पा जिना बघायला म्हणून स्वतःच मागच्या बोळाकडे निघाले.